हरित भाडेकरार : इमारतीची वीज कागदावर कशी वाचते

सहा मजल्यांची एक कार्यालयीन इमारत डोळ्यांसमोर आणा. शनिवारची दुपार आहे. पाच मजले बंद आहेत आणि चौथ्या मजल्यावर दहा-बारा माणसे काम करीत बसली आहेत. इमारतीतील वातानुकूलन मध्यवर्ती असल्यामुळे केवळ चौथा मजला थंड करण्याची सोय नाही. म्हणून गच्चीवरील कूलिंग टॉवर, तळघरातील पंप आणि वातानुकूलनासाठी पाणी थंड करणारे वीस वर्षांचे जुने यंत्र, म्हणजे चिलर, हे सारे त्या दहा-बारा माणसांसाठी सुरू आहेत. महिनाअखेरीस या विजेचे बिल सामायिक खर्चात जाईल आणि क्षेत्रफळाच्या प्रमाणात सहाही मजल्यांवर वाटले जाईल. ज्यांचे कार्यालय त्या दिवशी कुलूपबंद होते, तेही आपला वाटा भरतील. चिलर जुने झाले आहे आणि नवे घेतले तर वीज बरीच वाचेल, हे मालकाला, भाडेकरूंना आणि देखभालीच्या तंत्रज्ञालाही ठाऊक आहे. तरीही ते बदलले जात नाही.

यात कोणी निष्काळजी आहे असे नाही. प्रत्येक जण आपापल्या भाडेकरारात लिहिल्याप्रमाणेच वागतो आहे, आणि खरी अडचण त्या लिहिण्यातच आहे. व्यापारी जागेचा भाडेकरार भाडे किती, ताबा कधी, अनामत रक्कम केवढी, दुरुस्ती कोणाकडे, हे बारकाईने सांगतो. मात्र ती जागा वापरताना वीज, पाणी आणि कचरा यांचे काय होईल, याविषयी बहुधा काहीच सांगत नाही. ही उणीव भरून काढणाऱ्या करारास हरित भाडेकरार किंवा ग्रीन लीज म्हणतात. तो वेगळ्या जातीचा करार नव्हे. नेहमीच्याच भाडेकरारात काही कलमे वाढवून, काही जुनी कलमे सुधारून किंवा एखादे परिशिष्ट जोडून तो तयार होतो. आणि इमारतीचा पर्यावरणावरील भार कमी करण्यासाठी मालकाने काय करायचे, भाडेकरूने काय करायचे, त्याचा खर्च कोणी सोसायचा व लाभ कोणाला मिळायचा, हे त्यात आधीच ठरवून ठेवलेले असते.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या आकडेवारीप्रमाणे जगातील एकूण अंतिम ऊर्जावापरापैकी सुमारे ३० टक्के ऊर्जा इमारती चालवण्यासाठी लागते. त्यात घरे आहेत तशीच कार्यालये, दुकाने, हॉटेले आणि गोदामेही आहेत. नवी इमारत बांधताना हरित इमारतीचे प्रमाणपत्र घेण्याची पद्धत आता रुळली आहे आणि ती चांगलीच आहे. परंतु असे प्रमाणपत्र प्रामुख्याने रचनेबद्दल बोलते, आणि इमारतीचा प्रत्यक्ष वापर तिच्यात बसणाऱ्यांच्या हाती असतो. उत्तम काचा आणि उत्तम यंत्रे असलेल्या इमारतीतही रात्रभर दिवे जळू शकतात. शिवाय आज उभ्या असलेल्या इमारती पुढची कित्येक दशके वापरात राहणार आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच भाड्याने दिलेल्या आहेत. म्हणून मला भाडेकराराचा कागद वास्तुविशारदाच्या नकाशाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

मूळ गाठ कोठे आहे, ते आधी पाहू. भाडे आकारण्याच्या ढोबळमानाने दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत भाड्यातच वीज, पाणी, देखभाल असे सारे काही येते. भाडेकरू दरमहा एक ठरावीक रक्कम देतो आणि बिले मालक भरतो. येथे भाडेकरूला वीज वाचवण्याचे काही कारण उरत नाही, कारण दिवे चालू राहिले काय आणि बंद केले काय, त्याच्या खिशाला फरक पडत नाही. दुसऱ्या पद्धतीत भाडे कमी असते, पण विजेपासून करांपर्यंतचा सर्व खर्च भाडेकरूच्या माथी असतो. येथे मालकाचे स्वारस्य संपते. त्याने पदरचे पैसे घालून नवे चिलर बसवले तर बिल भाडेकरूचे कमी होणार. मालकाच्या वाट्याला फक्त खर्च येणार. भाडेकरूने स्वतःच खर्च करावा म्हटले, तर त्याचा करार तीन किंवा पाच वर्षांचा असतो आणि यंत्राचे आयुष्य पंधरा-वीस वर्षांचे. जो खर्च करील त्याला लाभ नाही आणि ज्याला लाभ होईल त्याला खर्च करण्याचे कारण नाही, अशी ही कोंडी आहे. अर्थशास्त्रज्ञ तिला विभाजित प्रोत्साहनाची समस्या म्हणतात. हरित भाडेकरारातील जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचे कलम ही कोंडी फोडण्यासाठी लिहिलेले असते, आणि एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सारे समजायला सोपे जाते.

यंत्राच्या खर्चाचे कलम या कोंडीवर थेट घाव घालते, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो. जुने भाडेकरार मालकाला रोजची देखभाल आणि किरकोळ दुरुस्ती यांचा खर्च भाडेकरूंकडून वसूल करू देतात, पण नवी भांडवली यंत्रसामग्री त्यातून वगळतात. ही तरतूद भाडेकरूच्या संरक्षणासाठी असते आणि तिच्यामागे सबळ कारण आहे: मालकाने आपली मालमत्ता भाडेकरूच्या पैशाने सजवून घेऊ नये. मात्र तिच्यामुळे ऊर्जा वाचवणारी यंत्रेही अडकून पडतात. न्यूयॉर्क शहराने २०११ मध्ये यावर एक नमुना कलम पुढे आणले आणि ७ वर्ल्ड ट्रेड सेंटर या इमारतीतील भाडेकरारात ते प्रथम वापरले गेले. त्याचा गाभा असा आहे: ऊर्जा वाचवणाऱ्या सुधारणेचा खर्च मालकाने भाडेकरूंकडून वसूल करावा, पण एका वर्षात किती वसूल करायचे हे अपेक्षित बचतीशी बांधून घ्यावे. त्रयस्थ अभियंता त्या यंत्राने वर्षाला किती बचत होईल याचा अंदाज देतो आणि त्या अंदाजाच्या ८० टक्क्यांहून अधिक रक्कम मालकाला वर्षभरात घेता येत नाही.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा नव्या यंत्राचा खर्च १०० आहे आणि त्यामुळे दर वर्षी २० वाचतील असा अंदाज आहे. साध्या हिशोबाने पाच वर्षांत खर्च भरून निघाला असता. या कलमाप्रमाणे भाडेकरू मालकाला वर्षाला १६ देईल आणि ४ स्वतःकडे ठेवील. मालकाचे पैसे पाचऐवजी सव्वासहा वर्षांत परत येतील. त्यानंतरची सगळी बचत, म्हणजे वर्षाला २०, भाडेकरूची. आता अंदाज चुकला आणि प्रत्यक्षात २० ऐवजी १६ च वाचले, तरीही भाडेकरूला पदरमोड करावी लागत नाही. त्या वर्षी त्याला ना नफा ना तोटा. हे २० टक्के म्हणजे अंदाज चुकण्यासाठी मुद्दाम राखलेली जागा आहे. मालक थोडा काळ अधिक थांबतो आणि त्या बदल्यात त्याला वसुलीचा हक्क मिळतो. दोघांनी थोडे थोडे सोडले की अडलेले काम कसे मार्गी लागते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला भाडेकरारांच्या क्षेत्रात दिसलेले नाही.

अर्थात बचत मोजता आली तरच हा हिशोब शक्य आहे, आणि मोजणीच्या बाबतीत बहुतेक इमारतींची अवस्था बिकट असते. मीटर रूममध्ये जाऊन पाहिले तर पुष्कळदा सगळ्या इमारतीचा एकच मुख्य मीटर आढळतो. कोणत्या मजल्याने किती वीज घेतली, लिफ्ट आणि पंप यांना किती लागली, सर्व्हर रूमने किती खाल्ली, हे कोणालाच सांगता येत नाही. जेथे भाडेकरूंचे मीटर स्वतंत्र असतात तेथे उलटी अडचण येते. भाडेकरूचे बिल त्याच्याकडे आणि मालकाचे मालकाकडे असल्यामुळे पूर्ण इमारतीची बेरीज कोणाकडेच नसते. म्हणून हरित भाडेकरारातील सर्वांत साधे, पण माझ्या मते सर्वांत आधी लिहावे असे कलम माहितीच्या देवाणघेवाणीचे आहे. प्रत्येक भाडेकरूच्या जागेला उपमीटर बसवायचा, त्याचा खर्च कोणाचा ते लिहायचे, आणि वीज, पाणी व कचरा यांचे आकडे ठरावीक काळाने, ठरावीक नमुन्यात एकमेकांना द्यायचे. हे आकडे कोणत्या कामासाठी वापरता येतील आणि ते गोपनीय कसे राहतील, हेही त्याच कलमात यायला हवे. कारण विजेच्या आकड्यांवरून एखाद्या व्यवसायाच्या कामाचे तास आणि पसारा यांचा अंदाज बांधता येतो, व भाडेकरूची त्याबद्दलची काळजी रास्त असते.

मोजणीच्या बाबतीत ऑस्ट्रेलियाची नेबर्स ही पद्धत अभ्यासण्याजोगी आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस वेगळ्या नावाने सुरू झालेल्या या पद्धतीत कार्यालयीन इमारतीला बारा महिन्यांच्या प्रत्यक्ष ऊर्जावापरावरून तारे दिले जातात, आणि हे मूल्यांकन तीन प्रकारे करता येते: केवळ मूळ इमारतीचे, केवळ भाडेकरूच्या जागेचे, किंवा दोन्ही मिळून संपूर्ण इमारतीचे. मध्यवर्ती वातानुकूलन, लिफ्ट आणि सामायिक जागांतील दिवे मालकाच्या खात्यात जातात. भाडेकरूच्या जागेतील दिवे आणि संगणक भाडेकरूच्या खात्यात. कोणाच्या हातात काय आहे याची अशी वाटणी झाली की एकमेकांकडे बोट दाखवण्याला जागा उरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने २००६ च्या धोरणानुसार स्वतःच्या कार्यालयांसाठी २,००० चौरस मीटरहून मोठ्या आणि दोन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेकरारांना हरित परिशिष्ट जोडण्याचे व साडेचार ताऱ्यांची पातळी राखण्याचे ठरवले. सरकार हा मोठा भाडेकरू असल्यामुळे त्याच्या अटींना बाजारात वजन होते. पुढे २०१० च्या कायद्याने मोठी कार्यालये विकताना किंवा भाड्याने देताना त्यांचे ऊर्जा मूल्यांकन जाहीर करणे बंधनकारक झाले. प्रारंभी २,००० चौरस मीटर असलेली ही मर्यादा २०१७ मध्ये १,००० चौरस मीटरवर आणण्यात आली.

यानंतर येतो रोजचा वापर. पहिल्या परिच्छेदातील शनिवारची दुपार येथे सुटते. करारात वातानुकूलनाचे नेहमीचे तास लिहायचे, त्यापलीकडे सेवा हवी असेल तर ती मागणीप्रमाणे मिळेल आणि तिचा खर्च मागणाऱ्याकडूनच घेतला जाईल असे ठरवायचे. एवढ्या एका वाक्याने चौथ्या मजल्यावरचे लोक शनिवारी खरोखरच एवढे मोठे यंत्र हवे का, याचा विचार करू लागतात आणि मजलानिहाय नियंत्रणे बसवण्याची मागणीही त्यांच्याकडूनच येते.

तापमानाचे कलम मात्र दिसते तितके सोपे नाही. अनेक जुन्या करारांत मालकाने जागा एका ठरावीक अंशाला राखावी अशी कडक अट असते आणि ती पाळण्यासाठी यंत्रणा गरजेपेक्षा अधिक राबवली जाते. हरित करारात एका आकड्याऐवजी पट्टा देतात, उदाहरणार्थ उन्हाळ्यात २४ ते २६ अंश सेल्सिअस. पण कोट आणि टाय घालून बसलेल्या माणसाला २६ अंश सोसवणार नाहीत. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २००५ च्या उन्हाळ्यात कूल बिझ ही मोहीम सुरू केली. कार्यालयांतील तापमान २८ अंशांवर ठेवण्याचे आवाहन करताना मंत्रालयाने टाय आणि जाकीट न घालता कामावर येण्यालाही मान्यता दिली. दोन गोष्टी एकत्र सांगितल्या म्हणून त्या आवाहनाला अर्थ आला. भाडेकराराचा मसुदा करणाऱ्यानेही हेच ध्यानात घ्यावे: तापमानाचा पट्टा बदलायचा असेल तर त्या जागेत प्रत्यक्ष बसणाऱ्या माणसांशी आधी बोलायला हवे, अन्यथा टेबलाखाली पंखे आणि हीटर दिसू लागतात व वाचवलेली वीज दुसऱ्या दाराने निघून जाते.

ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, पण जे पाहिले की मन खरोखर विषण्ण होते, ते म्हणजे जागा सोडतानाचे कलम. व्यापारी भाडेकरारांत मुदत संपल्यावर भाडेकरूने जागा पूर्ववत करून द्यावी अशी अट सर्रास असते. म्हणजे असे होते की जाणारा भाडेकरू पाच वर्षांपूर्वी घातलेली छताची पत्रे, गालिचे, काचेच्या भिंती, दिवे आणि केबल हे सारे उखडतो. पुष्कळ सामान चांगल्या अवस्थेत असते. गालिच्याचे चौकोन निघतात तेव्हा कपाटाखालचे अगदी कोरे असतात. ते सगळे पोत्यांत भरून खाली जाते. मग मालक पुन्हा साधे छत, साधे दिवे आणि साधा गालिचा घालून जागा भाड्याने देण्याजोगी करतो. पुढचा भाडेकरू येतो, त्याला वेगळी मांडणी हवी असते, आणि मालकाने नुकतेच घातलेले नवे छत तो काढून टाकतो. एका जागेत एकदाही न वापरलेले साहित्य असे कचऱ्यात जाते. त्या साहित्याच्या निर्मितीत गेलेली ऊर्जा कोणाच्याही वीजबिलात दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल कोणी हळहळतही नाही.

याचा उपाय कागदावरच आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. पूर्ववत करण्याची अट सरसकट न ठेवता, मुदत संपण्याच्या सहा महिने आधी दोघांनी जागा एकत्र पाहावी, काय ठेवण्याजोगे आहे याची यादी करावी आणि पुढच्या भाडेकरूला ते हवे असेल तर तसेच ठेवावे, असे लिहिता येते. मालकाने सुरुवातीला जागा न सजवता मोकळीच द्यावी आणि वाचलेली रक्कम भाडेकरूला त्याच्या मांडणीसाठी द्यावी, असाही पर्याय आहे. त्याचबरोबर भाडेकरूच्या फेरबदलांमुळे इमारतीचे ऊर्जा मूल्यांकन खाली येऊ नये ही अट घालायला हवी. आणि उलट बाजूने, भाडेकरूने स्वखर्चाने केलेल्या सुधारणेमुळे जागेचे मोल वाढले म्हणून पुढील भाडेवाढीत त्याच्याकडूनच अधिक भाडे घेतले जाऊ नये, हेही लिहायला हवे. ही दुसरी अट भाडेकरू बहुधा विसरतात.

इमारतीचा मोठा जीर्णोद्धार करायचा असेल तर भाडेकरूंच्या जागेत शिरल्याशिवाय तो पुरा होत नाही. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचे काम २००९ मध्ये जाहीर झाले, तेव्हा ऊर्जावापर ३८ टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट होते. तेथील ६,५१४ खिडक्यांच्या काचा फेकून न देता त्याच इमारतीत कार्यशाळा थाटून त्या नव्याने घडवल्या गेल्या. या कामाच्या आठ उपायांमध्ये भाडेकरूंच्या जागेतील दिवे व उपकरणे आणि भाडेकरूंना त्यांचा ऊर्जावापर दाखवण्याची व्यवस्था हेही उपाय होते. मालकाने कितीही खर्च केला तरी मजल्यांवरचा वापर भाडेकरूंच्याच हातात राहतो. म्हणूनच कामासाठी भाडेकरूच्या जागेत येण्याचा मालकाचा हक्क, त्याची पूर्वसूचना, कामाचे तास आणि व्यवसायाला होणाऱ्या त्रासाची भरपाई, हे सारे करारात असावे लागते.

आता हे सर्व केवळ स्वेच्छेचे राहिलेले नाही. फ्रान्सने २०१० च्या कायद्याने २,००० चौरस मीटरहून मोठ्या कार्यालयांच्या आणि दुकानांच्या भाडेकरारांना पर्यावरणविषयक परिशिष्ट जोडणे सक्तीचे केले. नव्या करारांना ते २०१२ च्या आरंभापासून आणि जुन्यांना जुलै २०१३ पासून लागू झाले. मात्र ते न जोडल्यास काय, याबद्दल कायद्याने शिक्षा ठेवली नाही, आणि त्यामुळे त्याचा जोर मर्यादित राहिला. नंतर २०१९ मध्ये आलेल्या नियमांनी १,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या सेवाक्षेत्रातील इमारतींना २०३० पर्यंत ४० टक्के ऊर्जाकपातीचे लक्ष्य दिले आणि त्याची जबाबदारी मालक व भाडेकरू या दोघांवर टाकली. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २०१८ पासून, ऊर्जा प्रमाणपत्रावर ई श्रेणीहून खालची व्यापारी जागा, काही अपवाद वगळता, नव्याने भाड्याने देता येत नाही. एप्रिल २०२३ पासून चालू भाडेकरारांनाही हाच नियम लागू झाला. न्यूयॉर्क शहराच्या २०१९ च्या कायद्याने २५,००० चौरस फुटांहून मोठ्या बहुतेक इमारतींच्या कार्बन उत्सर्जनावर २०२४ पासून मर्यादा घातली, आणि मर्यादेबाहेरच्या प्रत्येक टनाला २६८ डॉलर दंड ठेवला. दंड मालकाला होतो. वीज मात्र बऱ्याच अंशी भाडेकरू वापरतात. त्यामुळे हा दंड कोणी भरायचा आणि तो टाळण्यासाठी भाडेकरूने आपल्या जागेत काय करायचे, याचे कलम आता तेथील वाटाघाटींत महत्त्वाचे ठरते.

या क्षेत्रातील लोक करारांचे वर्णन फिकट हिरवा आणि गडद हिरवा असे करतात. फिकट हिरव्या करारात दोन्ही पक्ष ‘सहकार्य करतील’, ‘प्रयत्न करतील’, ‘विचार करतील’. गडद हिरव्यात ते ‘करतील’ असे लिहिलेले असते, आणि किती, केव्हापर्यंत व न केल्यास काय, हेही. भाडेकरार हातात आला की वाचकाने आधी त्यातील क्रियापदे पाहावीत. तरीही फिकट करार निरर्थक असतो असे मी म्हणणार नाही. पहिल्यांदाच असा करार करणाऱ्या छोट्या भाडेकरूसमोर दंडाची आणि करार रद्द होण्याची भाषा ठेवली, तर तो साहजिकच माघार घेईल. पाणी कमी वापरले नाही म्हणून कोणाची जागा जावी, असे कोणीच सुचवत नाही. अशा कलमांचा भंग झाल्यास आधी लेखी सूचना, मग सुधारणेचा आराखडा आणि गरज पडल्यास तज्ज्ञाचा निवाडा, असा क्रम अधिक व्यवहार्य ठरतो.

चालू करार अजून बराच काळ चालणार असेल, तर नूतनीकरणाची वाट पाहण्याचे कारण नाही. मूळ कराराला हात न लावता मालक आणि भाडेकरू एक साधे सामंजस्यपत्र करू शकतात. त्यात तीनच गोष्टी पुरतात: दोन्ही बाजूंनी एकेक जबाबदार माणूस नेमायचा, दर तिमाहीला मीटरचे आकडे द्यायचे आणि वर्षातून दोनदा एकत्र बसायचे. पहिल्या बैठकीला इमारतीच्या देखभालीचा तंत्रज्ञ हजर असणे फार आवश्यक आहे, कारण चिलर रात्री किती वाजता बंद होते आणि सकाळी कोणाच्या सांगण्यावरून सहा वाजताच सुरू केले जाते, हे त्या खोलीत फक्त त्यालाच माहीत असते.